अनोळखी कान

१९८६ या एकाच वर्षात भारतात दोन घटना घडल्या, एक मुंबईत आणि दुसरी तेव्हाच्या मद्रासमध्ये. दोन्हींचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. तरीही आत्महत्येच्या विचारांनी घेरलेल्या माणसाकडे पाहण्याची या देशाची दृष्टी कशी बदलत गेली, हे समजून घ्यायचे असेल तर सुरुवात या दोन घटनांपासून करणे सोयीचे ठरते.

मुंबईतील घटना न्यायालयातली होती. अपघातात डोक्याला मार लागलेला आणि त्यानंतर मानसिक आजाराने ग्रासलेला एक पोलीस शिपाई स्वतःचा जीव संपवण्याच्या प्रयत्नात असताना अडवला गेला. त्याचा जीव वाचला आणि लगेच त्याच्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली खटला उभा राहिला, कारण कायद्याच्या लेखी तो आता आरोपी होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील यांच्या खंडपीठाने ते कलमच घटनाबाह्य ठरवले. मानसिक आजारामुळे असा प्रयत्न करणाऱ्याला उपचारांची गरज असते, तुरुंगाच्या कोठडीची नव्हे, अशी त्या निकालातील भूमिका होती.

मद्रासमधील घटनेची त्या वेळी फारशी बातमीही झाली नसेल. डॉ. लक्ष्मी विजयकुमार या मनोविकारतज्ज्ञांनी तेथे ‘स्नेहा’ नावाची संस्था सुरू केली. दूरध्वनीवर किंवा प्रत्यक्ष येऊन कोणीही आपले दुःख बोलावे, प्रशिक्षित स्वयंसेवकांनी ते ऐकावे, नाव-गाव गुप्त राहावे, आणि मोबदला घेतला जाऊ नये, एवढाच तिचा व्यवहार. स्वयंसेवकांनी उपदेश करायचा नाही, धर्म सांगायचा नाही, निवाडा द्यायचा नाही. ऐकायचे.

आजही निराशेच्या टोकाला पोहोचलेला विद्यार्थी मध्यरात्री आईवडिलांना उठवत नाही. शेजारच्या खोलीतील मित्राचे दार ठोठावत नाही. मोबाइलच्या पडद्यापलीकडील, ज्याचे खरे नावही ठाऊक नाही अशा कुणाला तरी तो सांगतो की आता जगावेसे वाटत नाही. वडीलधाऱ्यांना याचे नवल वाटते, कित्येकदा रागही येतो. ‘घरात इतकी माणसे असताना परक्याला सांगितलेच कसे?’ हा प्रश्न मृत्यूनंतरच्या शोकसभांतही ऐकू येतो. त्याचे उत्तर मात्र मोबाइलच्या आधीच्या इतिहासात आहे.

कलम ३०९ हे १८६० सालचे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास एक वर्षापर्यंतचा साधा कारावास, दंड किंवा दोन्ही. ज्या इंग्लंडच्या विचारातून हे कलम आले, त्या देशाने १९६१ मध्ये आत्महत्या कायदा करून आपल्याकडील गुन्हा रद्द केला. भारतात तो आणखी सहा दशके उभा राहिला. त्याखाली शिक्षा झालेल्यांची संख्या मोठी नव्हती, असे म्हणून या कलमाकडे दुर्लक्ष करणारे पुष्कळ होते. परंतु कायद्याचे ओझे केवळ शिक्षेने मोजायचे नसते. वाचलेल्या माणसाची नोंद रुग्णालयात पोलीस प्रकरण म्हणून होई. त्या भीतीपोटी घरची माणसे ‘अपघात’ सांगत, खासगी दवाखाने दारातूनच वाट दाखवत, आणि ज्या क्षणी त्या माणसाला बोलण्याची सर्वाधिक गरज असे त्या क्षणी त्याच्याभोवतीचे सारेच गप्प बसत. भाषेनेही या भयाला हातभार लावला. ‘आत्महत्या’ या शब्दातच ‘हत्या’ आहे. म्हणजे दुःखाने थकलेला माणूस एकाच वेळी मारणारा आणि मरणारा. मराठीतील ‘जीव देणे’ हा जुना शब्दप्रयोग त्या मानाने पुष्कळ सौम्य वाटतो.

जवळच्यांपाशी बोलण्याचे असे मार्ग बंद झाले की परका जवळचा वाटू लागतो. त्याला आपले घराणे ठाऊक नसते, तो उद्या नात्यात कुठे बोलणार नसतो, आणि त्याच्या डोळ्यांत आपल्यामुळे पाणी येईल ही भीती नसते.

याची पहिली पद्धतशीर जाण लंडनमध्ये एका धर्मगुरूला झाली. चॅड वाराह हे १९३५ मध्ये तरुण पाद्री असताना त्यांच्या वाट्याला आलेला पहिला अंत्यविधी एका चौदा वर्षांच्या मुलीचा होता. मासिक पाळी सुरू झाल्यावर तो एखादा लाजिरवाणा रोग आहे असा तिचा समज झाला होता, आणि विचारायला कोणी नव्हते. ही गोष्ट वाराह यांच्या मनातून गेली नाही. २ नोव्हेंबर १९५३ रोजी त्यांनी लंडनमधील सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमध्ये, आत्महत्येचा विचार मनात असलेल्यांसाठी दूरध्वनी सुरू केला. पुढे ‘समॅरिटन्स’ म्हणून जगभर ओळखल्या गेलेल्या संस्थेचा हा आरंभ.

परंतु खरा शोध त्यानंतर काही महिन्यांनी लागला, आणि तोही अनपेक्षितपणे. वाराह यांची कल्पना अशी की समुपदेशन स्वतः करायचे. भेटायला येणाऱ्यांची गर्दी वाढली तेव्हा बाहेर थांबलेल्यांना चहा द्यावा, चार शब्द बोलावे, म्हणून काही सामान्य माणसे मदतीला येऊ लागली. थोड्याच दिवसांत लक्षात आले की बाहेर चहा घेत बोललेल्या कित्येकांना आत जाण्याची गरजच उरत नाही. ज्या कामासाठी तज्ज्ञ हवा असे वाटत होते, त्यातले बरेचसे काम लक्षपूर्वक ऐकणारा साधा माणूस करत होता. फेब्रुवारी १९५४ मध्ये वाराह यांनी दूरध्वनीची जबाबदारी स्वयंसेवकांकडे सोपवली. स्वतःच्या कामाचे महत्त्व कमी करणारा निष्कर्ष इतक्या सहजपणे स्वीकारणारे संस्थापक इतिहासात फार सापडत नाहीत. मद्रासची ‘स्नेहा’ याच परंपरेतली.

अर्थात, ऐकल्याने बरे वाटते आणि ऐकल्याने जीव वाचतो, ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले अनुभवाने सांगता येते. दुसऱ्यासाठी मोजमाप लागते.

ते मोजमाप करण्याचा एक धाडसी प्रयत्न सॅन फ्रान्सिस्कोचे मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी १९६९ च्या सुमारास सुरू केला. नैराश्य किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात दाखल झालेले आणि घरी गेल्यावर पुढील उपचार नाकारणारे ८४३ रुग्ण त्यांनी निवडले. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे दोन गट केले. एका गटाला काहीच पाठवायचे नाही. दुसऱ्या गटातील प्रत्येकाला, रुग्णालयात त्याच्याशी बोललेल्या व्यक्तीने, छोटेसे पत्र पाठवायचे: तुम्ही इथून गेल्याला काही काळ झाला, तुमचे बरे चालले असावे अशी आशा आहे, कधी दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या तर आम्हाला आनंद होईल, एवढ्याच आशयाचे. त्यात भेटीची तारीख नाही, औषधांची चौकशी नाही, उत्तराची अपेक्षाही नाही. पाच वर्षांत अशी चोवीस पत्रे. या कल्पनेचे मूळ मोटो यांच्या तरुणपणात होते. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना एका ओळखीच्या तरुणीची काहीही न मागणारी पत्रे त्यांना येत असत, आणि त्या पत्रांनी दिलेला आधार त्यांच्या स्मरणात राहिला होता. निष्कर्ष असा की पत्रे मिळालेल्या गटात आत्महत्येचे प्रमाण कमी राहिले. पहिल्या दोन वर्षांत हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याइतका स्पष्ट होता, पुढे तो हळूहळू पुसट झाला.

श्रीमंत देशातील एका शहरातील निष्कर्ष गरीब देशांना कसा लागू पडणार, हा आक्षेप रास्त होता. त्याचे उत्तर ज्या प्रयोगातून मिळाले त्यातील एक केंद्र चेन्नई होते, ही गोष्ट भारतीय विज्ञानाच्या इतिहासात जितकी सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने ब्राझील, भारत, श्रीलंका, इराण आणि चीन या पाच देशांत, आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आलेल्या १,८६७ जणांवर हा अभ्यास झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना नेहमीच्या उपचारांखेरीज घरी जाण्यापूर्वी सुमारे एक तासाचा संवाद, आणि नंतर अठरा महिन्यांत नऊ वेळा दूरध्वनीवरून किंवा घरी जाऊन चौकशी. महागडे औषध नाही, यंत्र नाही.

२००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अठरा महिन्यांत नेहमीच्या उपचारांच्या गटात २.२ टक्के लोकांचा आत्महत्येने मृत्यू झाला होता. संपर्कात ठेवलेल्या गटात ०.२ टक्के. माणसांच्या संख्येत सांगायचे तर अठरा आणि दोन.

येथे थोडे सावध राहायला हवे. नंतर विविध देशांत पोस्टकार्डे, दूरध्वनी, मोबाइलवरील संदेश यांचे अनेक प्रयोग झाले आणि सर्वांनाच इतके यश मिळाले नाही. काही ठिकाणी पुन्हा प्रयत्न करणाऱ्या माणसांची संख्या घटली नाही, मात्र त्याच माणसाने पुन्हापुन्हा केलेल्या प्रयत्नांची संख्या घटली. जेथे मानसिक आरोग्याच्या सेवा मुळातच मुबलक आहेत तेथे एका पत्राने पडणारा फरक कमी, आणि जेथे रुग्णालयातून बाहेर पडल्यावर कोणीच विचारत नाही तेथे तो जास्त, असे अनुमान त्यावरून काढता येते. भारत दुसऱ्या प्रकारात मोडतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक विकारांसाठी उपचारांपासून वंचित असलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले होते.

‘स्नेहा’च्या कामाची दुसरी एक बाजू विद्यार्थ्यांना जवळची वाटेल. तमिळनाडूत परीक्षांचे निकाल लागले की दूरध्वनी खणखणू लागत. एका विषयात नापास झालेल्या मुलाचे पूर्ण वर्ष वाया जाई, आणि ते वर्ष त्याला संपूर्ण आयुष्यासारखे भासे. केवळ धीर देऊन हे भागणार नाही, हे ओळखून संस्थेने शासनाकडे पाठपुरावा केला आणि या शतकाच्या सुरुवातीस नापास विद्यार्थ्यांना लगेच फेरपरीक्षा देण्याची सोय राज्यात झाली. शिक्षण खात्याच्या वेळापत्रकातील ही दुरुस्ती म्हणजे आत्महत्या प्रतिबंधाचेच काम होते. त्याच विजयकुमार यांनी तमिळनाडूतील खेड्यांमध्ये, शेतीची विषारी रसायने घरात न ठेवता गावाच्या सामायिक जागी कुलपात ठेवण्याचा प्रयोग केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गावांतील आत्महत्या घटल्याचे दिसले. तीव्र संकटाची लाट बहुधा अल्पकाळाची असते, आणि ती ओसरेपर्यंत घातक साधन हाताशी नसणे निर्णायक ठरते, हे तत्त्व त्यामागे होते. श्रीलंकेने सर्वाधिक विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यानंतर तेथील आत्महत्येचा दर दोन दशकांत सुमारे सत्तर टक्क्यांनी खाली आला. भारतानेही २०१८ मध्ये अठरा कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला.

कायद्याची गाडी मात्र अडखळतच होती. विधी आयोगाने १९७१ मध्येच कलम ३०९ रद्द करण्याची शिफारस केली होती. १९७८ चे विधेयक राज्यसभेत संमत झाले आणि लोकसभा विसर्जित झाल्याने बारगळले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवले. दोनच वर्षांनी पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो निर्णय फिरवला, आणि मुंबईच्या १९८६ च्या निकालाचा आधारही त्याबरोबर गेला. आयोगाने २००८ मध्ये पुन्हा तीच शिफारस केली. अखेर मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ ने असे ठरवले की प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे, तिला शिक्षा करू नये, आणि तिच्या काळजीची व पुनर्वसनाची जबाबदारी शासनाची असावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ नाही. शासकीय अधिकाऱ्याला त्याच्या कर्तव्यात भाग पाडण्यासाठी किंवा रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. १८६० पासून मोजले तर एकशे चौसष्ट वर्षे.

दरम्यान अनोळखी कानाचे रूप पालटले. समॅरिटन्सने १९९४ मध्येच ई-मेलवरून येणाऱ्या हाकांना उत्तरे द्यायला सुरुवात केली होती. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ सेवा २०१२ मध्ये सुरू झाली तेव्हा तिनेही दूरध्वनीच्या जोडीला ई-मेलचा मार्ग ठेवला. आवाजही नको असणारी एक पिढी आली होती. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये आंतरजालावरील या मोकळेपणाची मीमांसा केली: नाव झाकलेले, चेहरा न दिसणारा, उत्तर ताबडतोब देण्याची सक्ती नसलेला माणूस, समोरासमोर जे कधीच बोलणार नाही ते बोलून जातो. सुलर यांनी याची दुसरी बाजूही दाखवली. त्याच आडोशामुळे क्रूरपणाही मोकळा होतो.

ही दुसरी बाजू हलक्याने घेण्यासारखी नाही. प्रशिक्षित स्वयंसेवकाच्या मागे संस्था असते, नियम असतात, स्वतः खचल्यास बोलायला वरिष्ठ असतो. आंतरजालावरील अनोळखी गटात यातले काही नसते. तेथे एखादा खरोखर आधार देतो आणि रात्रभर जागतो. दुसरा स्वतःच बुडत असतो. तिसरा चिथावणी देतो. निराश माणसाला केवळ निराश माणसांचीच सोबत मिळाली की ‘यातून वाट नाही’ हे मत एकमताचे वाटू लागते. इंग्लंडने २००९ मध्ये आपल्या आत्महत्या कायद्यात दुरुस्ती करून आंतरजालावरील चिथावणीही गुन्ह्यात मोडते हे स्पष्ट केले. आणि तरीही, अशा गटांत जाणाऱ्या मुलाचा मोबाइल हिसकावून घेणे हा उपाय नव्हे. तो तेथे मरणाच्या शोधात गेला असे गृहीत धरले जाते. पुष्कळदा तो ऐकणाऱ्याच्या शोधात गेलेला असतो, आणि मोबाइल गेला की तेवढाही कान जातो.

काय बोलले जाते, यावर परिणाम अवलंबून असतो हे ऑस्ट्रियातील थॉमस नीडरक्रोटेंथालर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये वृत्तपत्रांतील मजकुराच्या अभ्यासातून दाखवले. आत्महत्येच्या पुनरावृत्त, सनसनाटी बातम्यांनंतर प्रमाण वाढते हे आधीच ठाऊक होते. या संशोधकांना असे आढळले की मनात तसे विचार येऊनही त्यांतून सावरलेल्या माणसांच्या हकिगती छापल्या गेल्यानंतर प्रमाण घटते. मोझार्टच्या संगीतिकेतील, ऐनवेळी तीन मुलांनी सावरलेल्या पापागेनोचे नाव या परिणामाला मिळाले. भारतीय प्रेस परिषदेने २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या धर्तीवर वार्तांकनाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली: पद्धतीचे वर्णन नको, सनसनाटी मथळा नको, मदतीची माहिती द्यावी. वाहिन्यांवर ती किती पाळली जातात हे कोणताही प्रेक्षक सांगू शकेल.

मित्राला, वर्गमैत्रिणीला, भावंडाला आधार देऊ पाहणाऱ्यांना सर्वाधिक अडवते ती एक भीती: थेट विचारले तर नसलेला विचार मनात पेरला जाईल. ही भीती तपासली गेली आहे. न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांमधील २,३४२ विद्यार्थ्यांवरील अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. आत्महत्येविषयी प्रश्न विचारले गेलेल्या मुलांचा त्रास वाढला नाही. आधीपासून नैराश्य असलेल्या किंवा पूर्वी प्रयत्न केलेल्या मुलांना तर प्रश्न विचारल्याने किंचित हलके वाटल्याचे दिसले. तेव्हा ‘स्वतःला संपवावे असे विचार मनात येतात का?’ असे सरळ, शांतपणे विचारावे. उत्तर ‘हो’ आले तर दचकू नये, ‘तुला काय कमी आहे’ असे म्हणू नये, वाद घालून त्याला जगण्याच्या बाजूला आणण्याची घाई करू नये. आणि गुप्ततेचे वचन देऊ नये. ‘मी तुझ्यासोबत राहीन, पण हे मला एकट्याला पेलायचे नाही’ असे म्हणणे अधिक प्रामाणिक. धोका जवळचा वाटत असेल तर त्या व्यक्तीला एकटे न सोडता, घातक वस्तू दूर करून, रुग्णालय गाठावे किंवा ११२ या आपत्कालीन क्रमांकावर मदत मागावी. अंतर दूरचे असेल, पडद्यापलीकडचा माणूस कुठल्या शहरात आहे हेच ठाऊक नसेल, तर बोलणे चालू ठेवत त्याच्या जवळचे कोण आहे हे त्याच्याकडूनच काढून घ्यावे. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारावे. चेन्नईतील त्या नऊ संपर्कांपैकी पहिले पाच पहिल्या अकरा आठवड्यांतच होते, कारण प्रयत्नानंतरचा हाच काळ सर्वांत नाजूक असतो. त्याच वेळी घरचे मात्र ‘आता सुटलो’ म्हणून आपापल्या कामाला लागलेले असतात.

प्रश्नाचा आकार लहान नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांचा आत्महत्येने मृत्यू झाला. त्यात १३,०४४ विद्यार्थी होते, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक, २२,७४६ मृत्यू महाराष्ट्रातले होते. ही आकडेवारी आजही गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या विभागाकडूनच येते, आरोग्य खात्याकडून नाही, यातही जुन्या कलमाची सावली दिसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये देशाचे पहिले राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण जाहीर झाले. २०३० पर्यंत हे मृत्यू दहा टक्क्यांनी कमी करणे हे त्याचे उद्दिष्ट.

त्याच्या महिनाभर आधी, १० ऑक्टोबर २०२२ रोजी, केंद्र सरकारने ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू केली. तिचे मुख्य केंद्र बंगळुरूची निमहान्स संस्था आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र, विनामूल्य, मराठीसह वीस भाषांत. २०२५ पर्यंत तेथे वीस लाखांहून अधिक दूरध्वनी आले. पलीकडे बसलेला समुपदेशक अनोळखीच असतो. फोन करणाऱ्याला स्वतःलाच त्रास असायला हवा, असेही नाही. मित्राची काळजी वाटते पण त्याच्याशी नेमके काय बोलावे ते सुचत नाही, एवढे कारण पुरते.